लाल बावटा उतरला की गोव्हन भेटतो

शुक्रवार

सेंट गोव्हनच्या चॅपलला जायचं तर आधी लष्कराचं वेळापत्रक बघावं लागतं. वेल्सच्या नैर्ऋत्येला, पेंब्रोकशरच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्रकड्याच्या घळीत हे चिमुकलं चॅपल बांधलेलं आहे आणि कड्याच्या माथ्यावरची सगळी जमीन कॅसलमार्टिनच्या रणगाड्यांच्या सरावाची. गोळीबार असला की लाल बावटा चढवतात आणि चॅपलकडे जाणारा रस्ता फाटक लावून बंद करतात. शनिवार-रविवार बहुतेक वेळा मोकळे असतात. म्हणून शुक्रवारी निघायचं आणि सोमवारी परतायचं, असा बेत केला.

सोबत मावशी. उन्हाळ्यापुरती रत्नागिरीहून माझ्याकडे रेडिंगला आली आहे. तिचा जन्म शाळेत इतिहास-भूगोल शिकवण्यात गेला. बाथ झालं, ऑक्सफर्ड झालं, लंडनचं सेंट पॉल झालं, तेव्हा ती एका संध्याकाळी म्हणाली, "अगो, ही मोठमोठाली चर्चं पुरे झाली आता. समुद्र दाखव." मी म्हटलं, समुद्रही दाखवते आणि एक इतकं लहान देऊळ दाखवते की आपण दोघी आत गेलो तर तिसऱ्याला वाटेल गर्दी आहे.

रेडिंगहून स्वान्सीपर्यंतचा प्रवास नेहमीच्या मोठ्या गाडीचा, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गंमत पुढे आहे. पेंब्रोक डॉकला जाणारी गाडी दोनच डब्यांची, आणि व्हिटलंडनंतर रूळही एकेरी. वाटेतली काही स्टेशनं अशी की उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं आणि चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून हात करायचा. मावशीने हे ऐकलं आणि खूश झाली. "म्हणजे आपल्या यष्टीसारखं, हात दाखवा गाडी थांबवा!" मॅनोर्बियरला खरोखरच एक आजोबा हात करून चढले, तेव्हा तिने त्यांच्याकडे ओळखीचं हसून पाहिलं.

हे मॅनोर्बियर म्हणजे बाराव्या शतकातल्या जेराल्डचं जन्मगाव. हा धर्मगुरू ११८८ साली कँटरबरीच्या आर्चबिशपबरोबर वेल्सभर हिंडला. क्रुसेडसाठी, म्हणजे धर्मयुद्धासाठी, माणसं गोळा करायची हे काम, पण त्याने लिहून ठेवलं ते मात्र चक्क प्रवासवर्णन: कुठे नदी ओलांडताना काय झालं, कुठल्या गावात कुठला चमत्कार सांगतात. सगळ्या वेल्समध्ये आपलंच गाव सर्वांत रम्य, असंही त्यात ठोकून दिलं आहे. लेखक कुठलाही असो, गाव म्हटलं की तोल जातोच.

पेंब्रोकला उतरून टॅक्सीने बॉशर्स्टन गाठलं. दक्षिणेला सहा मैलांवरचं, चार घरं, एक चर्च, एक पब आणि एक चहाचं दुकान एवढंच गाव. सामान ठेवतोय तोच खिडकीची काच थरथरली. मग पुन्हा. ढगांचा गडगडाट म्हणावा तर आभाळ निरभ्र. घरमालकीणबाईंनी किटली ठेवता ठेवता सांगितलं की आज उशिरापर्यंत चालेल, उद्या मात्र शांत. त्यांना त्या आवाजाचं काहीच नव्हतं. मावशी प्रत्येक दणक्याला दचकत होती आणि चहा सांडत होती.

ही जमीन लष्कराकडे गेली दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. युद्ध संपलं, पण रणगाडे राहिले. १९६१ पासून १९९६ पर्यंत तर पश्चिम जर्मनीचे, म्हणजे नंतर एकसंध झालेल्या जर्मनीचे, रणगाडेही इथे सरावाला येत. ज्यांच्याशी लढण्यासाठी म्हणून जमीन घेतली तेच वीसेक वर्षांत पाहुणे म्हणून त्याच जमिनीवर तोफा डागायला आले. मावशीच्या मते हा प्रश्न दहावीला विचारायला हवा.

शनिवार

सकाळी आधी फाटकापाशी जाऊन खात्री केली. काठीवर बावटा नव्हता, फाटक उघडं होतं, पहाऱ्याची खोली रिकामी. गावापासून चॅपल दीड मैल. रस्ता सरळ, दोन्हीकडे कुंपण आणि "लष्करी अवशेषांना हात लावू नका, स्फोट होऊन जीव जाईल" अशा अर्थाच्या पाट्या. त्या पाट्यांवरूनच चंडोल पक्षी आभाळात चढत होते आणि चढता चढता एकसारखे गात होते.

हा सगळा माथा सपाट आहे. इतका सपाट की समोर समुद्र आहे हे कळतं, पण मध्ये शंभराहून अधिक फुटांचा कडा आहे हे अजिबात कळत नाही. चॅपलचा तर मागमूसही नाही. गाड्या उभ्या करायच्या जागेपासून थोडं पुढे गेलं की जमीन एकदम संपते, कड्यात एक घळ दिसते आणि घळीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या तळाशी, दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये अडकवल्यासारखं, कोनाड्यात ठेवलेल्या पणतीएवढं ते चॅपल. छप्पर करड्या दगडाचं, भिंती करड्या दगडाच्या, मागचा कडाही तोच. कुठे कडा संपतो आणि कुठे भिंत सुरू होते हे पाहायला नजर दोनदा फिरवावी लागते.

पायऱ्यांची एक आख्यायिका आहे. उतरताना मोजलेल्या आणि चढताना मोजलेल्या पायऱ्या कधी जुळत नाहीत. मर्त्य माणसाला त्यांचा खरा आकडा सापडत नाही म्हणे. मावशीने ते ऐकताच पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली. मी वेगळी मोजणार, ती वेगळी. खाली पोचलो तेव्हा आमच्या आकड्यांत फरक होता. कारण मात्र तिथेच पायाखाली होतं. पायऱ्या झिजून झिजून काही ठिकाणी दोनाची एक झाली आहे, काही ठिकाणी एकीला मध्येच उंचवटा आला आहे, आणि तळाशी तर शेवटची पायरी कुठली आणि मूळचा खडक कुठला हे ज्याचं त्याने ठरवायचं. मावशी म्हणाली, "मी ती तिरकी धरली नाही." मी धरली होती.

आत शिरलो. उन्हातून आल्यामुळे आधी फक्त गारवा कळला. मग हळूहळू भिंती दिसू लागल्या. लांबी साधारण वीस फूट, रुंदी बारा. आमच्या रत्नागिरीच्या घराचं माजघर याहून मोठं आहे. वर दगडाचीच कमान करून घातलेलं छत. एका बाजूला बसायला दगडी बाक. पूर्वेच्या टोकाला वेदी, तीही दगडाची, वर ना कापड ना क्रूस. समुद्राच्या बाजूला छोटी खिडकी, तिच्यातून निळ्या पाण्याचा एक तुकडा. लाकूड नाही, काच नाही, रंग नाही. बाहेर छपराच्या टोकाला घंटेसाठी केलेली कमान आहे, ती रिकामी. आज उभं आहे ते बांधकाम बहुतांशी तेराव्या-चौदाव्या शतकातलं मानतात. जागा मात्र त्याहून पुष्कळ जुनी. परंपरा सांगते की सहाव्या शतकात गोव्हन इथल्या गुहेत राहिला आणि ५८६ मध्ये इथेच वारला. त्याला वेदीखाली पुरलं आहे, असंही सांगतात.

गोष्ट अशी. गोव्हन हा आयर्लंडचा साधू. तो या बाजूला आला असताना लंडी बेटावरचे चाचे त्याच्या मागे लागले, त्याला पकडून खंडणी उकळावी म्हणून. पळता पळता तो या कड्यापाशी आला. पुढे समुद्र, मागे चाचे. तेवढ्यात कडा दुभंगला, माणूस मावेल एवढी फट झाली, गोव्हन तिच्यात शिरला आणि खडक पुन्हा मिटला. चाचे शोधून शोधून निघून गेले तेव्हा खडक उघडला. त्या उपकाराची आठवण ठेवून गोव्हन मग इथेच राहिला, खालचे मासे आणि झऱ्याचं पाणी यांच्यावर जगला, आणि चाचे पुन्हा दिसले की वस्तीला सावध करत राहिला.

ती फट आजही आहे. वेदीच्या बाजूच्या दारातून दोन-चार पायऱ्या चढून गेलं की कड्यातली एक उभी कपार लागते, एका माणसापुरती. तिच्या आतल्या अंगाला खडकावर आडव्या वळ्या आहेत, त्या गोव्हनच्या बरगड्यांच्या खुणा म्हणतात. मी मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं. बाहेर हाताला लागणारा चुनखडीचा दगड करकरीत आहे, बोटं खरचटतात. कपारीच्या आतला मात्र गुळगुळीत, तेलपाणी केल्यासारखा, आणि खांद्याच्या उंचीवर सर्वांत जास्त चकचकीत. किती शतकांच्या खांद्यांनी आणि कोपरांनी तो घासला असेल! कारण इथेही एक रीत आहे: आत शिरायचं, मनात इच्छा धरायची आणि आतल्या आत वळून बाहेर यायचं. वळताना इच्छा बदलायची नाही.

मी शिरले. छातीला आणि पाठीला एकदमच खडक लागला. वळायचं म्हणजे श्वास सोडून, एक खांदा खाली घेऊन, अंग चोरत वळावं लागतं, आणि त्या खटपटीत मनातली इच्छा बदलणार कुठून, ती आठवतच नाही. बाहेरून मावशी: "मागितलंस का काही?" मग ती स्वतः शिरली. चपला बाहेर काढून. आतून बराच वेळ काही आवाज नाही, नंतर एकदम हसण्याचा. बाहेर आली ती कपाळाला लाल माती लावून.

"आपल्याकडे नवस बोलायचा तर नारळ तरी लागतो," ती म्हणाली. "इथे पोट आत घेतलं की झालं."

लाल मातीचंही महत्त्व आहे. चुनखडी झिजून इथे जी तांबडी चिकणमाती तयार होते, तिचा लेप पूर्वी लोक दुखऱ्या डोळ्यांवर घालत. सांधे धरलेले लोक विहिरीच्या पाण्याने अंग धूत आणि बरे झाले की कुबड्या तिथेच सोडून जात. विहिरी दोन सांगतात, एक चॅपलच्या आत आणि एक बाहेर. बाहेरची आम्ही पाहिली. चॅपलच्या समुद्राकडच्या दारातून खाली उतरलं की दगडांच्या राशीत एक बुटकी दगडी घुमटी आहे, गुडघ्याएवढी. वाकून आत हात घातला तर कोरडी ठणठणीत. पूर्वी लोक इथलं पाणी शिंपल्याने काढून पीत, इतकं ते थोडं थोडं झिरपे.

पाणी आटलं तरी माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली तीच विहीर आहे. संत मंडळींनी निर्जन जागा शोधल्या हे खरं, पण निर्जन जागी जगायचं तर गोडं पाणी हवं. ते इथे कड्यातून झिरपत होतं. घळ दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे उत्तरेचा बोचरा वारा डोक्यावरून जातो आणि हिवाळ्यातलं जेमतेम ऊनही आत येतं. आम्ही बसलो होतो तिथे तर स्वेटर काढावे लागले. जमिनीवरून येणाऱ्याला काही दिसत नाही, समुद्रावरून येणारं प्रत्येक गलबत मात्र इथून दिसतं. आणि त्या काळी समुद्र म्हणजे काही जगाचं टोक नव्हे, तोच हमरस्ता. आयर्लंड, वेल्स, कॉर्नवॉल, ब्रिटनी या सगळ्या किनाऱ्यांवर पाचव्या-सहाव्या शतकातले हे साधू होड्यांनी ये-जा करत. तेव्हा गोव्हन जगाकडे पाठ फिरवून बसला होता असं मला वाटत नाही. तो रस्त्याच्या कडेला बसला होता. मावशीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, रस्त्याच्या कडेला बसायचं तर लपायची जागा कशाला शोधेल माणूस?

गोव्हन कोण याबद्दलही मतं अनेक. काही जण त्याला वेक्सफर्डकडच्या मठाचा प्रमुख मानतात. काहींच्या मते गोव्हन ही बाईच, एका वेल्श राजाची राणी. आणि काही जण तर त्याला आर्थर राजाच्या दरबारातला सरदार गवेन ठरवतात, जो राजाच्या मृत्यूनंतर विरक्त होऊन इथे येऊन राहिला. एका बारा फुटी खोलीवर इतक्यांचा हक्क! मावशी म्हणाली, ह्याला स्थळपुराण म्हणतात, यात खरं-खोटं करत बसू नये. खडकात फट असली की तिथे कुणीतरी लपलेलं असतं, मोठा गोल धोंडा असला की तो कुणीतरी ठेवलेला असतो.

आणि तसा धोंडाही आहेच. गोव्हनच्या चॅपलची घंटा चांदीची होती, ती चाच्यांनी पळवली. देवदूतांनी ती परत आणली आणि पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून समुद्रकाठच्या एका खडकात बंद करून टाकली. गोव्हन त्या खडकावर आघात करी तेव्हा मूळ घंटेच्या हजारपट मोठा नाद होई. आम्ही खालच्या धोंड्यांमध्ये उतरून मावशीच्या काठीने त्यातल्या त्यात मानाचा दिसणारा धोंडा वाजवून पाहिला. दगडासारखाच वाजला.

चाच्यांचा भाग मात्र नुसती कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. हवा स्वच्छ असली की सेंट गोव्हन्स हेडवरून दक्षिणेला लंडी बेट दिसतं. दुपारी आम्ही त्या टोकापर्यंत चालत गेलो, तेव्हा क्षितिजावर एक फिकट रेघ होती. पेंब्रोकशरच्या किनाऱ्याचं हे सर्वांत दक्षिणेचं टोक. लंडीवर चाच्यांचा अड्डा होता हा इतिहास आहे, दंतकथा नव्हे. तेराव्या शतकात विल्यम डी मारिस्को नावाचा बंडखोर सरदार तिथे तटबंदी करून राहिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना लुटत राहिला. १२४२ मध्ये त्याला पकडून लंडनला देहदंड दिला. पुढे सतराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतले चाचे त्या बेटावर ठाण मांडून होते. आता चॅपलच्या भिंती तेराव्या-चौदाव्या शतकातल्या, म्हणजे मारिस्कोची आठवण ताजी असतानाच्या. सहाव्या शतकातल्या साधूच्या गोष्टीत लंडीचे चाचे तेव्हाच येऊन बसले असतील, असा माझा आपला अंदाज.

परत येऊन चॅपलच्या खाली, विहिरीच्या पुढे खडकावर बसून दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. वरच्या कड्यावर दोर लटकत होते. हा सगळा किनारा कातळारोहण करणाऱ्यांच्या आवडीचा आहे. एक मुलगी आमच्या डोक्यावर, कुठलाही आधार दिसत नसलेल्या भिंतीवर, हाताला खडूची पूड लावत थांबली होती, आणि खालचा तिचा जोडीदार दोर सैल सोडत तिला काहीतरी विनोद सांगत होता. मावशी त्या मुलीकडे बघत दशमी हातात धरून बसली. "हिच्या आईला माहीत आहे का गो?"

चढताना पुन्हा मोजलं. यावेळी आम्ही दोघींनी ती तिरकी पायरी धरली, तरी आकडे जुळले नाहीत.

रविवार

आज पश्चिमेकडे. चॅपलपासून स्टॅक रॉक्सपर्यंत कड्याच्या कडेने साडेतीन मैलांची वाट आहे. ही वाट पेंब्रोकशरच्या किनारी पायवाटेचा भाग. ती १९७० मध्ये खुली झाली, एकूण लांबी १८६ मैल. आता ती २०१२ मध्ये पुऱ्या झालेल्या वेल्सच्या अखंड किनारी वाटेत जोडली गेली आहे. सगळी वाट सपाट, त्यामुळे मावशीच्या गुडघ्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती वाऱ्याची.

डावीकडे समुद्र, उजवीकडे रणगाड्यांचं मैदान. लांबवर गंजलेल्या गाड्यांचे सांगाडे नेम धरण्यासाठी मांडून ठेवलेले. मला हे सगळं बघून आधी चीड आली. मग लक्षात आलं की इथे एकही हॉटेल नाही, सुट्टीतल्या बंगल्यांची रांग नाही, नांगर लागलेला नाही, खतं पडलेली नाहीत. हिवाळ्यात प्रेसेली डोंगरातल्या मेंढ्या इथे चरायला आणतात. त्यांनी कुरतडलेल्या आखूड गवतात किडे टिपणारा चफ पक्षी आम्हाला दिसला: कावळ्याचाच भाऊबंद, पण चोच आणि पाय लालभडक. किनाऱ्याला लष्कराने वाचवलं असं कुणी म्हटलं तर मला ते तोंडाने कबूल करायला जड जाईल, पण चफचं मत वेगळं असणार.

वाटेत हंट्समन्स लीप. कड्याला उभी चीर गेली आहे, इतकी अरुंद की पलीकडच्या माणसाशी न ओरडता बोलता यावं, आणि तळाशी समुद्र घुसळतो आहे. एका शिकाऱ्याने घोड्यावरून ही चीर ओलांडली, पलीकडे सुखरूप पोचला, मग मागे वळून पाहिलं आणि त्या दृश्याच्या धसक्यानेच मेला, अशी गोष्ट. चुनखडीच्या थरांमध्ये ज्या उभ्या सांधी असतात, त्यांत समुद्र शिरतो आणि त्या रुंदावत नेतो. इथे त्याची चीर झाली, पुढे गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, आणि कमान पडली की समुद्रात एकटा उभा सुळका. मावशीने हा धडा वर्षानुवर्षं फळ्यावर काढला होता. "मी खडूने काढायचे तेव्हा मुलं विचारायची, बाई, असं खरंच असतं का? मी म्हणायचे असतं. पाहिलं कुणी होतं!" गोव्हनची फट म्हणजेसुद्धा अशीच एक सांधी, हे तिने स्वतःच जोडून घेतलं.

स्टॅक रॉक्सना एलेगग स्टॅक्स असंही म्हणतात. एलेगग म्हणजे गिलेमॉट हा समुद्रपक्षी. जूनमध्ये यायचं ते यांच्यासाठी. दोन उंच सुळके, त्यांच्या माथ्यावर आणि प्रत्येक कंगोऱ्यावर गिलेमॉट खांद्याला खांदा लावून उभे, काळे कोट, पांढरी पोटं. मधूनच रेझरबिल आणि बाजूच्या कड्यांवर किट्टिवेक. गिलेमॉटला घरटं वगैरे भानगड नाही. अंडं थेट उघड्या खडकावर घालायचं. ते एका टोकाला निमुळतं असतं आणि उतारावरही सहसा घरंगळत नाही. आवाज तर असा की चार लग्नांच्या पंगती एकाच मांडवात बसल्यात. आणि वास! सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या मावशीनेसुद्धा ओढणी नाकाला लावली.

पलीकडेच ग्रीन ब्रिज ऑफ वेल्स, ऐंशी फूट उंचीची नैसर्गिक कमान. २०१७ च्या ऑक्टोबरात ऑफिलिया वादळाने तिच्या समुद्राकडच्या पायाचा एक मोठा लचका तोडला. तुटलेला भाग बाकीच्या दगडापेक्षा उजळ दिसतो. मी फोटो काढत राहिले, मावशी लाकडी सज्जावर हात टेकून कमानीच्या त्या उजळ भागाकडे टक लावून होती आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे धडा अजून चालू आहे."

परत येताना चॅपलच्या पायऱ्यांपाशी वळलो नाही. खाली शाळेच्या मुलांचा घोळका होता आणि त्यांचं मोजणं वरपर्यंत ऐकू येत होतं, प्रत्येकाचा आकडा वेगळा.

सोमवार

सकाळीच दणके सुरू. बावटा वर, फाटक बंद. एक जोडपं पाठीवर पिशव्या घेऊन पाटी वाचत उभं होतं, त्यांना आम्ही उगाचच जाणकार असल्यासारखं बाकीचं सांगितलं.

गाडी दुपारची. सकाळ लिलीच्या तळ्यांवर घालवली. ही तळी गावाच्या चर्चमागूनच सुरू होतात. निसर्गाची वाटतात, पण माणसाने केलेली आहेत. स्टॅकपोलच्या कॉडर घराण्याने अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत चुनखडीच्या तीन दऱ्यांना बांध घालून ती आपल्या वाड्यासमोर शोभेला केली. पांढरी कमळं नुकती उमलू लागली होती. पाणी इतकं नितळ की देठ तळापर्यंत दिसत होते. पाणमांजरं असतात म्हणे, आम्हाला दिसली ती बदकं. तळ्यांच्या टोकाला ब्रॉड हेवनची वाळू लागते. मावशीने सलवार दुमडून पाय पाण्यात घातले आणि लगेच बाहेर काढले. जूनमधला हा समुद्र रत्नागिरीच्या माणसासाठी नाही.

ज्या वाड्यासाठी हा सगळा थाट, तो स्टॅकपोल कोर्ट आज नाही. कॅसलमार्टिनच्या मैदानासाठी जी जमीन घेतली ती बरीचशी याच कॉडरांची. जमीन गेली, युद्धात वाड्यातही सैन्य उतरलं, नंतर तो परवडेना, आणि १९६३ मध्ये तो पाडून टाकला. उरले आहेत ते तबेल्यासारखे काही भाग, आठ कमानींचा पूल आणि ही तळी. आता ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. मावशीने पुलावर उभं राहून वाडा कुठे असेल याचा अंदाज केला, मग पर्समधून उरलेली दशमी काढून अर्धी मला दिली.

गाडीत तिने विचारलं, "लंडीला बोट जाते का?" जाते, पण पलीकडून, डेव्हनच्या किनाऱ्यावरून. "मग पुढच्या उन्हाळ्यात तिकडून बघू," ती म्हणाली, आणि लॅम्फीला गाडी थांबवायला कुणी हात करतंय का ते बघायला खिडकीशी सरकली.